ताम्रपट आणि तबकडी : सीडी-ट्रान्स्पोर्टच्या घरगुती बांधणीविषयी काही विचार

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव मराठीच्या अभ्यासकांस तेथील ताम्रपटामुळे परिचित आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील हा लेख मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. लेख कोरला गेल्याला साडेनऊशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो वाचावयास लिपीचे व भाषेचे ज्ञान आणि दिवसाचा उजेड एवढी सामग्री पुरते. लेखाचा आशय आणि वाचणाऱ्याचा डोळा यांच्यामध्ये कोणतेही यंत्र उभे नाही.

आता याच गावातील, किंबहुना कोणत्याही मराठी गावातील, एखाद्या घरच्या कपाटाचा विचार करावा. १९९० नंतरच्या दोन दशकांत घरोघरी जमलेल्या नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या व अभंगांच्या सीडी तेथे असतात. त्यांतच केव्हातरी संगणकावर उतरवून घेतलेले कीर्तन, लग्नसमारंभातील मंगलाष्टके अथवा आजोबांचा आवाज असलेली एखादी तबकडीही असते. पहिल्या प्रकारच्या तबकड्यांच्या प्रती अन्यत्र मिळू शकतील. दुसऱ्या प्रकारची मात्र जगात बहुधा एकच प्रत असते. या तबकडीचे वय पुरते तीस वर्षेही नाही. परंतु तिच्याकडे पाहून कोणासही एक अक्षर वाचता येत नाही, आणि ती वाचणारे घरातील यंत्र बहुधा बंद पडलेले असते. लेख शाबूत आणि वाचक नाहीसा, अशी ही स्थिती होय.

असे वाचनयंत्र स्वतः जुळवावयाचे असल्यास त्याचे तत्त्व कोणते, अडचणी कोणत्या, आणि समुद्रकिनाऱ्याच्या हवेत ते टिकावे म्हणून काय करावे लागते, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१) ट्रान्स्पोर्ट म्हणजे काय

सीडी वाजविणाऱ्या यंत्रात दोन भिन्न कार्ये एकत्र नांदत असतात. पहिले कार्य तबकडीवरील खुणा वाचून त्यांपासून अंकांची मालिका सिद्ध करण्याचे. दुसरे कार्य त्या अंकांपासून ध्वनीशी सदृश असा विद्युत्दाब निर्माण करण्याचे. पहिले कार्य तेवढे करणाऱ्या यंत्रास 'सीडी-ट्रान्स्पोर्ट' असे म्हणतात. दुसरे कार्य 'डॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंक-परिवर्तकाकडे सोपविलेले असते. ट्रान्स्पोर्टमधून ध्वनी बाहेर पडत नाही. अंक बाहेर पडतात. हा भेद आरंभीच ध्यानात घेतला म्हणजे घरगुती बांधणीविषयीच्या पुष्कळशा भ्रामक अपेक्षा आपोआप गळून पडतात. अंक योग्य व वेळेवर पोहोचविणे एवढेच या यंत्राचे कर्तव्य आहे. गोडवा निर्माण करणे हे नव्हे.

(२) तबकडीवरील लेखन

फिलिप्स व सोनी या दोन संस्थांनी मिळून ठरविलेले सीडीचे प्रमाण १९८० साली निश्चित झाले, आणि १९८२ साली पहिली यंत्रे बाजारात आली. या प्रमाणानुसार तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकमध्ये अतिसूक्ष्म खळगे दाबलेले असतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर, त्यावर लाखेसारखे रक्षक लेपन आणि सर्वांत वर छापील नाव. खळग्यांची रुंदी सुमारे अर्धा मायक्रॉन असते आणि त्यांची रांग आतून बाहेर मळसूत्राकार जाते. शेजारच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रॉन अंतर असते. पूर्ण भरलेल्या तबकडीवर अशा वीस हजारांहून अधिक फेऱ्या मावतात. दिवेआगरचा वाळूचा किनारा चारेक किलोमीटर लांब आहे. एका तबकडीवरील मळसूत्र उलगडून सरळ पसरले, तर ते त्या किनाऱ्याहूनही लांब भरेल.

खळगा म्हणजे एक आणि सपाटी म्हणजे शून्य, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. खळग्याची सुरुवात अथवा शेवट, म्हणजे त्याची कड, ही 'एक' दर्शविते. दोन कडांमधील अंतर हे शून्यांची संख्या सांगते. कडा फार जवळ आल्यास त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि फार दूर गेल्यास वाचनाचा ताल चुकतो. म्हणून फिलिप्समधील केस स्हाउहामर इमिंक यांनी योजलेल्या पद्धतीत प्रत्येक आठ अंकांच्या गटाऐवजी चौदा अंकांचा गट लिहितात. त्यामुळे दोन एकांच्या मध्ये किमान दोन व कमाल दहा शून्ये राहतात. परिणामी सर्वांत आखूड खळगा ०.८३ मायक्रॉन आणि सर्वांत लांब सुमारे ३ मायक्रॉन लांबीचा असतो. ध्वनीचे मूळ मापन दर सेकंदास ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांत, प्रत्येकी सोळा द्विमान अंकांनी झालेले असते. चुका सुधारण्याची व ताल राखण्याची सर्व भर घालून तबकडीवरून प्रत्यक्षात दर सेकंदास ४३ लाख २१ हजार ८०० खुणा वाचाव्या लागतात.

(३) वाचनाची यंत्रणा

वाचनाचे काम ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरकिरणाने होते. दुरुस्ती करणारे कारागीर ज्या भागास सरसकट 'लेन्स' म्हणतात, तो वस्तुतः लेसर, भिंग, प्रकाशग्राहक व दोन सूक्ष्म वेटोळी यांचा संच आहे. त्यास येथे वाचकशीर्ष म्हणू. खळग्याची खोली प्लास्टिकमधील तरंगलांबीच्या सुमारे चतुर्थांश असते. खळग्यातून व सभोवारच्या सपाटीवरून परतणारे किरण त्यामुळे परस्परांस छेद देतात व परावर्तित प्रकाश मंद होतो. हा चढउतार म्हणजेच वाचन.

तत्त्व सोपे असले तरी ते अमलात आणणे अवघड आहे. किरणाचा केंद्रबिंदू साधारण दोन मायक्रॉन मर्यादेत नेमका ठेवावा लागतो. उलट फिरणारी तबकडी मात्र वरखाली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हलू शकते. म्हणजे सहनीय चुकीच्या अडीचशेपट हालचालीचा सतत पाठपुरावा करावयाचा. यासाठी प्रकाशग्राहकाचे चार भाग केलेले असतात. परतणारा किरण एका विशिष्ट भिंगातून असा नेला जातो की, केंद्र साधले असता चारही भागांवर वर्तुळाकार ठिपका पडावा, आणि ते चुकले असता ठिपका एका किंवा दुसऱ्या कर्णाच्या दिशेने लांबट व्हावा. समोरासमोरच्या भागांच्या बेरजांतील फरक हीच चुकीची मोजणी. तो फरक शून्य होईपर्यंत वेटोळ्यांतील प्रवाह भिंगास वर किंवा खाली ओढतो. रांगेचा माग ठेवण्यासाठी बहुतेक शीर्षांत मुख्य किरणाच्या पुढेमागे दोन दुय्यम किरण असतात. ते रांगेच्या दोन कडांवर पडतात आणि त्यांच्या तेजातील फरकावरून मुख्य किरण कोणीकडे ढळला हे कळते.

तबकडीची गती हा तिसरा भाग. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे सीडीचे फेरे स्थिर नसतात. रांगेची रेषीय गती सेकंदास १.२ ते १.४ मीटर ठेवावयाची असल्याने आतील टोकास मिनिटाला सुमारे पाचशे आणि बाहेरील टोकास सुमारे दोनशे फेरे होतात.

केंद्र, माग आणि गती ही तीन अनुगमने एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांचे नियंत्रण पूर्वी सुट्या भागांनी करीत. पुढे ते एकाच एकात्मित मंडलात सामावले. घरगुती बांधणी करणाऱ्याने हे मंडल स्वतः रचण्याच्या भरीस पडू नये. त्याची खरी कामगिरी यापुढे सुरू होते.

(४) चुकांचे निवारण

तबकडीवर ओरखडे पडतात, बोटे उमटतात, धूळ बसते. तरीही ध्वनी अखंड ऐकू येतो, याची दोन कारणे आहेत. पहिले प्रकाशीय : किरण वाचनथरावर दीड-दोन मायक्रॉनचा ठिपका होत असला, तरी तबकडीच्या खालच्या पृष्ठावर त्याचा व्यास सुमारे पाऊण मिलिमीटर असतो, त्यामुळे त्या पृष्ठावरील धूलिकण त्याच्या लेखी क्षुल्लक ठरतो. दुसरे कारण गणिती. अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या संकेतांचा येथे दुहेरी उपयोग केला आहे. शिवाय लगतचे अंक लगत न लिहिता ते शंभराहून अधिक चौकटींत विखुरले जातात. त्यामुळे सुमारे चार हजार अंकांचा, म्हणजे रांगेवरील अडीच मिलिमीटरांचा, सलग लोप पूर्णपणे भरून काढता येतो. लोप त्याहून मोठा असल्यास शेजारच्या मूल्यांवरून अंदाज बांधला जातो, आणि तेही न साधल्यास ध्वनी क्षणभर मुका होतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ट्रान्स्पोर्ट तबकडी वाजती ठेवूनच वाचतो. चुकलेला भाग पुन्हा वाचावयास त्यास सहसा अवसर नसतो. उलट संगणक तोच भाग अनेकवार वाचून पडताळा घेऊ शकतो. मात्र ध्वनितबकडीच्या २,३५२ बाइटांच्या विभागात संगणकी तबकडीप्रमाणे जादा शुद्धीचा थर व विभागाचा स्वतंत्र पत्ता नसतो, म्हणून संगणकासही हे काम काळजीनेच करावे लागते. जी तबकडी एकमेव आहे, ती प्रथम संगणकावर उतरवावी व नंतरच ट्रान्स्पोर्टवर लावावी, हा क्रम यातून ठरतो.

(५) काळाचा प्रश्न

अंक बरोबर आले म्हणजे काम संपले, असे नाही. ते वेळेवरही आले पाहिजेत. कोकणातील वाड्यांत पूर्वी विहिरीवर रहाट चालत. रहाटाची गाडगी पाणी आणीत ते हिसक्याहिसक्याने. परंतु ते हौदात साठवून पाटाने सोडले म्हणजे पोफळीच्या आळ्यांत एकसारखे वाहत असे. सीडीयंत्रातही हेच घडते. मोटरच्या गतीतील चढउतारासह आलेले अंक प्रथम स्मृतीत साठतात. स्फटिक-घड्याळाच्या तालावर ते तेथून एकसारखे बाहेर सोडले जातात. आणि स्मृती भरत चालली की ओसरत चालली, यावरून मोटरची गती कमीअधिक केली जाते. म्हणून जड चकती अथवा उंची मोटर यांनी ध्वनीचा ताल सुधारतो, हा समज निराधार आहे. ताल घड्याळ ठरविते.

हे घड्याळ किती नेमके असावे? सोळा अंकी मापनात २०,००० आवर्तनांच्या पूर्ण तीव्रतेच्या ध्वनीबाबत अर्ध्या लघुतम पायरीएवढी चूक होण्यास सुमारे १२० पिकोसेकंदांचे कालविचलन पुरते. कानास जाणवणारी मर्यादा प्रत्यक्ष संगीतात याहून बरीच सैल असते. परंतु बांधणीचे उद्दिष्ट म्हणून हा आकडा उपयुक्त आहे. ११.२८९६ मेगाहर्ट्झचा स्फटिक हा ४४,१०० च्या नेमका २५६ पट असतो. असा चांगल्या प्रतीचा स्फटिक, त्यास स्वतंत्र व शांत विद्युत्पुरवठा, आणि स्फटिकापासून मंडलापर्यंत आखूड तार, एवढ्याने बहुतेक साध्य होते. अंक बाहेर नेण्यासाठी एस-पीडीआयएफ या प्रमाणाची ७५ ओहमांची तार वापरतात. त्या तारेत ताल व अंक एकत्रच वाहतात. म्हणून बाहेर पडण्याच्या जागी छोटे स्पंद-रोहित्र बसवावे. त्यायोगे डॅकची व ट्रान्स्पोर्टची भूमी वेगळी राहते. डॅक स्वतःचे घड्याळ नीट राखणारा असेल, तर ट्रान्स्पोर्टमधील उरलासुरला दोष तेथे आणखी पुसला जातो.

(६) प्रत्यक्ष जुळणी

मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात बंद पडलेल्या यंत्राचा सांगाडा व नियंत्रण-मंडल घेऊन त्यास नवे वाचकशीर्ष बसवावयाचे. फिलिप्सचा सीडी-प्रो-२ हा घरगुती बांधणीकारांचा आवडता संच होता, परंतु त्याचे उत्पादन थांबले आहे. सोनीच्या केएसएस-२१३ जातीची शीर्षे व त्यांच्या प्रतिकृती मात्र बाजारात आढळतात. त्यांचा गुण सारखा नसतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर हे अशा सुट्या भागांचे परिचित बाजार होत. दुसरा मार्ग जुन्या संगणकातील सीडी-वाचकाचा. १९९० च्या दशकातील अनेक वाचकांच्या पाठीमागे अंकरूप ध्वनीसाठी दोन टोकांची जागा असे. अशा वाचकास ४० टोकांच्या पट्टीतारेने एक लहान सूक्ष्मनियंत्रक जोडून 'अनुक्रमणिका वाच', 'अमुक मिनिट-सेकंदापासून वाजव' अशा ठरीव आज्ञा देता येतात. हा मार्ग स्वस्त व शैक्षणिक दृष्ट्या अधिक फलदायी आहे. त्याचा दोष म्हणजे मोटरचा आवाज.

पहिल्या मार्गाने जाणाऱ्याने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. नव्या वाचकशीर्षावर स्थिर विद्युतेपासून रक्षणार्थ डागाचा एक लहान पूल केलेला असतो. शीर्ष जोडून झाल्यावरच तो काढावा, अन्यथा लेसर क्षणात निकामी होतो. जुने शीर्ष नीट वाचत नसेल तर प्रथम भिंग स्वच्छ करावे. त्यावरील लहानसा फिरता स्क्रू पिळून लेसरचा प्रवाह वाढविण्याचा मोह आवरावा. त्याने दोन दिवस यंत्र चालते आणि मग लेसर कायमचा जातो. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यास जवळजवळ दिसत नाही आणि म्हणूनच धोक्याचा असतो. झाकण उघडताच लेसर बंद व्हावा, अशी कळ अवश्य बसवावी.

जुळणीची परीक्षा कानाने करू नये. वाचकशीर्षाचा उच्चवारंवारता-संकेत दोलनदर्शकावर पाहिला असता चौकटी-चौकटींची, माशाच्या जाळ्यासारखी आकृती दिसते. जाळ्याचे डोळे स्वच्छ व मोकळे असल्यास केंद्र, माग व लेसर ठीक आहेत. डोळे अंधुक झाल्यास दोष तेथेच शोधावा. चांगल्या तबकडीवर ही आकृती पाहून तिचे चित्र जपून ठेवावे. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तुलना केली म्हणजे यंत्र कोठे ढासळत आहे हे ध्वनी तुटण्यापूर्वीच समजते.

(७) किनाऱ्याची हवा

येथवरचे विवेचन कोणत्याही गावास लागू आहे. दिवेआगरसारख्या ठिकाणी त्यात आणखी एका घटकाची भर पडते. चार महिन्यांचा पाऊस, वर्षभर दमट व खारट वारा, आणि बुरशी. १९९७ साली येथील एका वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी व तीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला होता. सोने व तांबे जे सोसतात, ते तबकडीतील मायक्रॉनच्या दशांशाहून पातळ ॲल्युमिनियमला सोसत नाही. वरचे लेपन छेदले गेले की दमट हवा आत शिरते व थर काळवंडतो. म्हणूनच तबकडीच्या वाचनपृष्ठापेक्षा नावाच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो. उष्ण प्रदेशातील बुरशीचे उदाहरणही नोंदले गेले आहे : मध्य अमेरिकेतील बेलीझमधून आलेल्या एका तबकडीत जिओट्रायकम जातीच्या बुरशीने धातूचा थर पोखरल्याचे २००१ साली स्पॅनिश शास्त्रज्ञांनी दाखविले. घरी लिहिलेल्या तबकड्यांत खळग्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो व तो ऊन आणि उष्णता यांनी विटतो. त्यांतल्या त्यात थॅलोसायनिन रंगद्रव्य व सोन्याचा परावर्तक थर असलेल्या तबकड्या अधिक टिकाऊ ठरल्या आहेत.

यंत्राविषयीही असेच. रबरी पट्टे चिकट होतात, म्हणून सरकत्या खणाऐवजी वरून तबकडी ठेवून चुंबकीय दट्ट्याने दाबावयाची रचना पत्करावी. उष्णता अल्प असल्याने पेटीस वायुवीजनाची छिद्रे ठेवू नयेत. ती घट्ट बंद असावी व आत सिलिका-जेलची पुडी असावी. स्क्रू गंजरोधक पोलादाचे घ्यावेत. मंडलावर ॲक्रिलिकचा रक्षक लेप द्यावा, मात्र जोडणीची टोके व प्रकाशीय भाग वगळून. आठवड्यातून एकदा तरी यंत्र चालवावे. पावसाळाभर मिटून ठेवलेले यंत्र दसऱ्याला उघडणे, हा ते बिघडविण्याचा हमखास उपाय होय.

विद्युत्पुरवठ्याचाही विचार हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि गावोगाव अनेक दिवस वीज नव्हती. ट्रान्स्पोर्टला थोड्याच वॅटांची गरज असते. बारा व्होल्टांच्या संचायकावर तो सहज चालतो. असा पुरवठा खंडित होत नाही आणि विजेच्या तारेवरून येणारा गोंधळही टाळतो.

(८) समारोप

घरी जुळविलेला ट्रान्स्पोर्ट बाजारातील चांगल्या यंत्रापेक्षा अंक अधिक खरे वाचतो, असे म्हणता येत नाही. त्याचे मोल निराळे आहे. ज्याने तो जुळविला, त्यास तो उघडता येतो, दोष शोधता येतो, शीर्ष बदलता येते. ज्या लेखाचे वाचन यंत्रावाचून होत नाही, त्याच्या बाबतीत वाचनयंत्र हा लेखाचाच एक भाग मानला पाहिजे. आणि जो भाग आपल्यास दुरुस्त करता येत नाही, तो आपल्या स्वाधीन नाही.

यावरून अशा बांधणीचा एक साधा नियम सांगता येतो. एकमेव तबकड्या प्रथम उतरवून त्यांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वाचकशीर्षे एकाऐवजी तीन घेऊन दोन कोरडी जपावीत. आणि यंत्राचा आराखडा, जोडण्यांचा तक्ता व दोलनदर्शकावरील आकृती ही कागदावर, शाईने, मराठीत लिहून पेटीच्या झाकणाआड ठेवावी. यंत्र केव्हातरी बंद पडणारच. त्या दिवशी ते उघडणाऱ्या माणसास, ताम्रपट वाचणाऱ्याप्रमाणेच, नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल असे काहीतरी तेथे असले पाहिजे.